माइकवर सांगितलेला अनुभव

माइक दिसला की मला राहवत नाही. अंगणवाडीत नोकरी झाली माझी. सभेत कोणी बोलायला उठलं नाही की साऱ्या बाया माझ्याकडेच पाहायच्या आणि मी मेली लगेच पदर खोचून उभी. घाटंजी रोडवरच्या महाराजांच्या दरबारात तेच झालं.

गुडघ्यांनी मला रडकुंडीला आणलं होतं. शेजारीण म्हणाली, "एक गुरुवार चाल तं खरी." गेली. टिनाचं शेड, खाली सतरंज्या, समोर गादीवर महाराज. तिथली रीत अशी की, तिसऱ्या गुरुवारी नव्या माणसानं उभं राहून 'अनुभव' सांगायचा. म्हणजे महाराजांमुळे आपलं काय भलं झालं ते. काहीच झालं नाही, असं कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझी पाळी आली. म्हटलं, डॉक्टरच्या साऱ्या गोळ्या बंद केल्या, इथली विभूती लावली आणि आता पाहा, धडाधड जिना चढते! बाप्पा, काय टाळ्या पडल्या! महाराजांनी हात वर करून आशीर्वाद दिला. खोटं कशाला बोलू, मला भलतं गोड वाटलं. आणि त्याच दिवशी सकाळी मी चहाबरोबर गुडघ्याची गोळी घेतली होती.

शेजारी माझी लहान बहीण बसली होती. मीच तिला नेलं होतं, सोबत म्हणून. तिच्या पोरीला फिट यायच्या. दोन वेळच्या गोळ्यांवर पोरगी चांगली होती, कॉलेजात जात होती, वर्षभरात एकही झटका नव्हता.

परत येताना ऑटोत बहिणीनं विचारलं, "बाई, तुह्या गोळ्या खरंच सुटल्या?" दरबारातल्या दोन बाया समोरच बसलेल्या. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. म्हटलं, "हो नं. तुले खोटं कायले सांगू?"

तिनं कोणाला न सांगता पोरीच्या गोळ्या थांबवल्या. महिना कसाबसा गेला. एका सकाळी पोळ्या करताना पोरीला झटका आला आणि तिचा उजवा हात तापलेल्या तव्यावर पडला.

दवाखान्यात बहिणीचा नवरा, आमचे जावई, मला म्हणाले, "बाई, तुमचं ऐकते ते. तुम्ही तरी सांगा तिले, पोरीच्या गोळ्या चालू कर म्हणून." तेव्हाच खरं बोलायचं होतं. पण मी पोरीच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत गप्प बसली. लोक काय म्हणतील, हीच धास्ती. एवढी बोलकी बाई मी, आणि नेमकी तिथं माझी दातखीळ बसली.

महाराजांनी सांगितलं, पोरीचा भोग होता, तो जळून गेला, आता गोळ्यांचं नाव काढू नका. बहिणीला ते पटलं. जावयांना कसं पटेल? ते पोरीला घेऊन आपल्या आईकडे गेले, तिच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बहीण दरबारातच सेवेला राहिली. भरलं घर होतं तिचं, दाराला कुलूप लागलं. पोरगी रोज फोन लावते. ही उचलत नाही, तिथं तसा नियम आहे म्हणे.

शेवटी मी गेली. शेडच्या मागे ती मेथी निवडत होती. वाळली होती पार. मी खालीच बसली आणि सारं सांगून टाकलं. गोळ्या एक दिवसही सोडल्या नव्हत्या, टाळ्यांसाठी बोलली, ऑटोतही खोटंच बोलली. म्हटलं, "मले मार, शिव्या दे, पण घरी चाल. पोरगी वाट पाहून राह्यली."

तिचे हात थांबले.

"हे खोटं असन, तं मंग माह्या पोरीचा हात म्याच जाळला नं, बाई?"

"तू नाही वं, मी जाळला!"

"गोळ्या तं म्या बंद केल्या."

तिनं माझे डोळे आपल्या पदरानं पुसले, लहानपणी मी तिचे पुसायची तसे.

"तू माइकवर खरंच सांगतलं होतं, बाई," ती म्हणाली. "माह्यासाठी तेवढं खरं राहू दे."