मरीमायच्या गाड्याला लागलेला हात

अमरावतीहून अकोल्याला कापूस नेणारे गाडीवान जानरावला बैलांचा वैद्य म्हणत. त्याला बैलाचं औषध मात्र एकही ठाऊक नव्हतं. बुजलेल्या बैलाला मारायचं नाही, एवढंच तो जाणत होता. रस्त्यात चिंधी असो, मेलेला साप असो, गाडी थांबवायची, जू उतरवायचं आणि बैलाला आपल्या पायांनी तिथवर जाऊन हुंगू द्यायचं.

"त्याचं भेव खोटं हाय हे तुले माहीत हाय. त्याले नाई ना?" असं तो नव्या पोरांना समजावी. कोणी घाई केली, की म्हणे, "तुही बायको भुताले भेली तं तिच्या पाठीत तुतारीची आर खुपसतं काय गा?" पोरं हसत आणि हसता हसता शिकत.

अठराशे पासष्टच्या वैशाखात मात्र हसण्याजोगं काही उरलं नव्हतं. चार वर्षं कापसाला सोन्याचा भाव होता, बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या होत्या. मग विलायतेला कापूस पुरवणाऱ्या परमुलखातली लढाई थांबली आणि भाव कोसळला. अकोल्याचे व्यापारी माल उतरवून घेतील की दारातूनच परत लावतील, काही कळत नव्हतं. रस्त्याशेजारी रुळासाठी मातीचा भराव पडत होता. आगगाडी आल्यावर आपलं काय, ही धास्ती प्रत्येकाला होती. त्यात वाटेवरच्या गावांतून पटकीची साथ शिरली होती.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि एका गावाच्या शिवेवर जानरावची पुढली गाडी थांबली. रस्त्याच्या मधोमध मरीमायचा गाडा ठेवलेला होता. हातभर लांबीचा, निंबाच्या लाकडाचा. वर हिरवा खण, बांगड्या, कुंकू, दहीभात. गावाने रोगराई त्या गाड्यात बसवून शिवेबाहेर काढली होती. ज्याचा हात लागेल त्याच्यासोबत ती निघते, हे वऱ्हाडातलं लेकरूही जाणे.

खुशालराव मागच्या गाडीवरून उतरला. तो जानरावचा जुना सोबती, चार लेकरांचा बाप. "दादा, वावरातून वळसा घेऊ."

जानरावने मागे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. आता थांबलो तर ही माणसं इथूनच माघारी फिरतील, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला, दोन्ही हातांनी गाडा उचलला आणि कडेला ठेवला.

"पाहा, काई झालं मले? हाना गाड्या!"

गाड्या निघाल्या. शालिकराम मागून ओरडला. तो सगळ्यांत लहान; सोबतचाच एक गाडीवान पुंजाराम, त्याच्या बहिणीचा, जमुनेचा नवरा.

"दादा, आता वहिनी घेते काय तुमाले घरात?"

हसला तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेपूर्णेच्या काठावर शालिकराम गाडीतून उतरता उतरता खाली बसला, तो उठलाच नाही. उलट्या, जुलाब. बघता बघता डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. जानरावने त्याला निंबाच्या सावलीत निजवलं. मागे वळला तर पुंजारामने त्याची अंगातली बंडी धरली.

"तुमी हात लावला! माह्या बहिनीचं कुंकू पुसून राहिले तुमी!"

खुशालरावने तोवर बैल जुंपले होते. "माहे लेकरं लहान हायेत, दादा. मी थांबत नाई." बाकीचेही जू चढवू लागले.

ही पटकी मरीमायच्या गाड्याने आलेली नाही, ती आधीच वाटेवर होती, हे जानरावच्या अगदी जिभेवर आलं. पण पुंजारामचे डोळे विस्फारले होते, बंडीवरची मूठ सुटत नव्हती. असा बुजलेला बैल समोर असता तर आपण काय केलं असतं? जानरावने बंडी सोडवून घेतली नाही.

"हो, मी हात लावला," तो म्हणाला. "तुमी भेले होते, मले दिसलं होतं. तरी कोनाले विचारलं नाई. मीबी भेलो होतो, म्हून घाई केली."

पुंजारामची पकड सैल झाली.

"खुशाल, तू जाय. तुले कोनी नावं ठेवनार नाई. सारे गाड्या पल्याडच्या थडीले ने. फक्त हाक ऐकू येईन तिथं थांब. याले वाटू नाई देजो का सारे गेले म्हून. पुंजा, मले माराचं असन तं मांगून मार. आधी वाळूत झिरा खोद. याले चांगलं पानी पायजे."

पुंजाराम खोदू लागला. वाळू उपसताना तो रडत होता. जानराव तिकडे पाहत नव्हता.

पल्याडच्या काठावरून थोड्या थोड्या वेळाने खुशालरावची हाक येई. "दादा, हाय काय?"

"हाय!" जानराव ओरडे. प्रत्येक वेळी शालिकराम डोळे उघडी.

एकदा तो पुटपुटला, "वहिनी... नाई घेनार घरात."

"नाई घेनार," जानराव म्हणाला आणि त्याच्या ओठांवर ओला फडका टेकवला.

दुपार कलली. पुन्हा हाक आली, "दादा, हाय काय?"

जानराव शालिकरामच्या पापण्या मिटत होता. पुंजारामने तोंड वर केलं आणि ओरडला, "नाई!"

मग नदीच्या कोरड्या पात्रातून एक माणूस येताना दिसला. खुशालराव होता. खांद्यावर लाकडं होती. त्याच्या मागून बाकीचेही आले.

अकोल्यात माल कसाबसा उतरला. परतीच्या वाटेला शालिकरामची रिकामी गाडी जानरावच्या गाडीमागे बांधलेली होती. तीच शीव आली. मरीमायचा गाडा ठेवला होता तिथेच कडेला पडून होता. खण उन्हाने विटला होता, भाताला मुंग्या लागल्या होत्या. आता रस्ता मोकळाच होता. तरी जानरावने जू उतरवलं आणि तो एकेका गाडीपाशी गेला.

"कुठून जाचं?"

खुशालरावने वावराकडे बोट केलं. पुंजारामनेही कासरा वावराकडे ओढला. सगळ्यांनी लांबचा वळसा घेतला. जानराव सर्वांत मागे राहिला.

अमरावतीची वेस दिसू लागली तेव्हा पुंजारामने गाडी बाजूला घेतली आणि जानरावची गाडी येईपर्यंत थांबला.

"दादा, आता तुमी पुढं व्हा," तो म्हणाला. "जमुनेले तुमीच सांगा. मी तुमच्या मांगं उभा राहतो."