चवळीच्या कुकीज

काल संध्याकाळी आईनं दुसरी कुकी चहात बुडवली. "लई मऊ हाय गं. दात नसले तरी चालतंय," म्हणाली आणि हसली.

बाबा गेल्यापासून ती नीट जेवत नव्हती. म्हणूनच तिला मुखेडहून लातूरला माझ्याकडे आणलं. इथंही वरणाची वाटी न शिवता परत यायची. काल दुपारी मी चवळी उकडून वाटली, ज्वारीचं पीठ, गूळ आणि तूप घालून मळली आणि कुकीज भाजल्या.

तिला आवडीनं खाताना बघून मला राहवलं नाही. "ओळख बघू, काय घातलंय? चवळी हाय त्यात!"

तिचा हात थांबला. "चवळी तर मी तेराव्याला सोडली की, पोरी. तुझ्या बाबांच्या नावानं. त्यांना लई आवडायची."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"असू दे. तुला काय ठाऊक," ती म्हणाली. मोरीत जाऊन चूळ भरून आली आणि बशी माझ्याकडे सरकवली.

गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं सोडायची रीत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तुमच्या घरात कुणी काय सोडलंय, हे तुम्हाला माहीत आहे का?

आज सकाळी आईनं उपवास धरला. चहासुद्धा घेतला नाही.