गोधडीला ऊन

मी भाड्यानं घेतलेलं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, तिला एकच खिडकी, आणि खिडकीखाली कॅफे. तिथे येणारी माणसं आधी कॉफीचा फोटो काढतात आणि मग ती पितात. या झकपक वस्तीत आल्यापासून दोन महिने मी जरा चोरट्यासारखीच वागत होते. घरातल्या कपड्यांवर खाली उतरायचं नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. आईच्या जुन्या साड्यांची गोधडी तर बॅगेतच कुबट होत चालली होती.

काल सकाळी खालच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ लेकीबरोबर बसले होते. त्यांनी कॉफी बशीत ओतली, फेसावर फुंकर घातली आणि मोठा भुरका मारला. लेक इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाबा, कपातून प्या ना."

"गरम आहे गं," ते म्हणाले आणि त्यांनी बशी पुन्हा भरली.

एवढंच. आवाजात ना ओशाळेपण, ना तोरा. कॉफी गरम असली की माणूस ती बशीत ओततो, त्यात वस्तीचा काय संबंध? मला एकदम हलकं वाटलं. भाडं भरूनही मी इथे पाहुणीसारखी राहत होते.

मी बॅग उघडली आणि गोधडी खिडकीबाहेर सोडली. तिची हिरवी-जांभळी ठिगळं थेट कॅफेच्या डोक्यावर लोंबायला लागली. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: दमट झाली होती हो.

कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी घडी घालायला घेतली, तेव्हा गोधडीला कॉफीचा वास येत होता.