गजासाठी रेती

माझ्या बायकोच्या व्हायोलिनचा गज मी मोडला, तो बसून. सोमवारी दुपारी जेवून दिवाणावर टेकलो आणि खालून ‘कट्’ असा आवाज आला. मला वाटलं, मणका गेला. उठून पाहिलं तर मणका शाबूत होता, गज गेला होता. (उलटं झालं असतं तरी चाललं असतं, असं सुलभा नंतर म्हणाली.)

वेळही मी नेमकी निवडली होती. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर सुलभाने व्हायोलिन पुन्हा हातात घेतलं होतं, आणि येत्या रविवारी अकोल्याला तिला प्रथमच एकटीने तासभर लोकांसमोर वाजवायचं होतं. ती म्हणाली, नवा गज विकत घेऊ. इथे मी तोंड बंद ठेवलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण मी म्हणालो, “विकत कायले? मी बनवून देतो.” सुतारकामाचा मला अनुभव होता. मी एकदा पोळपाट केला होता. त्याला पाय तीन होते आणि तो दोनांवर उभा राहायचा.

मंगळवारी अमरावतीहून अकोल्याला गेलो. तिथे वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे उस्ताद आहेत. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, सुस्कारा सोडला आणि आधीच बाक दिलेली एक काठी माझ्यापुढे ठेवली.

“केस मैं बाँध दूँगा साब,” ते म्हणाले. “आप सिर्फ लकड़ी घिसो. दो रेती लेना, एक मोटी, एक बारीक. मोटी से लकड़ी उतारने की, बारीक से सफाई.”

रेती म्हणजे कानस, हे मला तिथे कळलं आणि शब्द मला भलताच आवडला. कानस काय, कोणीही म्हणतं. रेती म्हणणारा माणूस कसा जन्माचा कारागीर वाटतो! मग ती निवडायची कशी, हेही उस्तादांनी समजावलं. जाडीचे दाणे बोटाला टोचले पाहिजेत, बारीकचे जेमतेम जाणवले पाहिजेत, आणि जाडीची एक बाजू सपाट, दुसरी गोल हवी. परतीच्या गाडीत मी शेजारच्या प्रवाशालाही हे सगळं समजावलं. तो मूर्तिजापूरला उतरला. तिकीट त्याचं बडनेऱ्याचं होतं.

मूर्तिजापूरलाच माझ्या मेहुण्याचं, बंडूचं, हार्डवेअरचं दुकान आहे. घरी येताच त्याला फोन लावला.

“बंडू, मले रेती पाहिजे. एक जाडी, एक बारीक.”

आतून सुलभा ओरडली, “सरळ कानस म्हना न.” तुला त्यातलं कळत नाही, असं मी तिला हातानेच सांगितलं.

“कोन्या कामाले, भाऊजी?” बंडूने विचारलं.

“फिनिशिंगले. जाडीचे दाणे बोटाले टोचले पाहिजे. अन् एक बाजू सपाट, एक गोल.”

“रेतीले बाजू कुठं असते, भाऊजी?”

“तू दुकानदार आहे, कारागीर नाही,” मी म्हणालो. “एक-एक पाठव.”

“गाडी?”

“हो, गाडीनंच पाठव. शनिवारपर्यंत पाहिजे.”

शनिवारी सकाळी मी ती काठी अंगणात उन्हात ठेवली. (उस्तादांनी असं काही सांगितलं नव्हतं. कारागिराला सांगावं लागत नाही.) मग आंघोळीला गेलो. बाहेर घरघर ऐकू आली, तेव्हा मनात म्हटलं, कोणाचं तरी बांधकाम निघालेलं दिसतं. टॉवेलवर बाहेर आलो तर अंगणात एक ढीग पडला होता आणि दुसरी गाडी फाटकातून मागे मागे येत होती.

“काका, जाडी इकडं टाकली, बारीक तिकडं टाकतो,” ड्रायव्हर म्हणाला. “बरोबर न?”

बंडूला फोन केला. तो म्हणाला, “गोल बाजूची नाई भेटली, भाऊजी. पन नदीची हाय, तुमी बोट लावून पाहा.”

काठी जाडीच्या खाली होती. मी टॉवेलवरच फावडं घेतलं. तेवढ्यात शेजारपाजारचे जमले. एकाने नवीन मजल्याबद्दल अभिनंदन केलं, दुसऱ्याने स्लॅब कोणत्या महिन्यात टाकू नये ते सांगितलं आणि तिसरा घरून चाळणी घेऊन आला. तासाभराने काठी सापडली. आधी अर्धी सापडली, मग उरलेली अर्धी.

सुलभा ढिगावर बसली आणि रडायला लागली. तोवर मला सगळं थोडंफार गमतीचं वाटत होतं. तिला रडताना पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. तिने सहा महिने रोज रियाज केला होता आणि मी पाच दिवसांत तिचे दोन गज मोडले होते, त्यातला एक तर तयार व्हायच्या आधीच.

शेवटी तिनेच डोळे पुसून उस्तादांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, रविवारी माझा गज घेऊन वाजवा, मी मंगळवारीच दिला असता. “साब ने माँगा ही नहीं. उनको तो बनाना था.”

रविवारी सुलभा उस्तादांच्या गजाने वाजवायला बसली आणि लोकांनी तिला तासाभराऐवजी दीड तास उठू दिलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो. माझेही डोळे भरून आले होते. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, रेती गेली.

सोमवारी बंडू रेती परत न्यायला आला, तर सुलभा म्हणाली, “राहू दे. आता विटा अन् सिमेंट पाठव.” आज गच्चीवर तिची रियाजाची छान हवेशीर खोली आहे. आतून कडी आहे आणि ती माझं पाऊल वाजलं की लागते. पाहुणे कौतुकाने विचारतात, खोली कोणी बांधली? तेव्हा सुलभा अगदी गंभीरपणे माझ्याकडे बोट दाखवते.

“यायनंच. गज बनवून राहिले होते.”