पखवाजाची कणीक

हरेकाच्या हातात मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. कपिलधारच्या भजनातला माझा पखवाज जावयाने रेकॉर्ड करून घेतलता. चौसाळ्याच्या गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराने तो आवाज कमी जागेत मावावा म्हणून दाबून लहान केला आन् माझ्या खिशातल्या प्लेयरमधी भरला. मी ऐकून म्हणलं, "यात माझी कणीक न्हाई." डाव्या पुडीला ओली कणीक लावल्यावर जो घुमारा येतो, तोच गेलता.

दुकानदार म्हणला, "काका, न दाबलेलं गाणं ह्या बारक्या यंत्राला झेपत न्हाई. अडखळतं."

"कणकीबिगर मी उठत न्हाई."

वैतागून त्याने न दाबलेलं गाणं भरलं, प्लेयरच्या पडद्यावर नाचणारे रंग बंद केले, आवाजाला जोडलेला इको बी काढला. तेवढ्याने यंत्राचा भार हलका झाला आन् घुमारा सलग आला. दुकानदाराचीच मान डोलायला लागली.

"आता उठा की," तो म्हणला.

"आता कशाला उठू? अजून अर्धं भजन हाय."