वॉर्निंगमधली उडवलेली ओळ

माझी लेक वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिते. काही बिघडलं की स्क्रीनवर पिवळी वॉर्निंग येते: अमुक फाइलमध्ये चूक आहे. नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि टीम लीडच्या ब्राउझरमध्ये प्रत्येक वॉर्निंग हिच्याच फाइलकडे बोट दाखवू लागली.

"माझ्याकडे तुमच्या फाइलचं नाव येतंय, दादा," ती फोनवर टीम लीडला म्हणाली. मी शेजारी मटार सोलत होते.

"तुझ्याकडे तुला हवं तेच येणार, ताई." मागे कोणीतरी हसलं.

लहानपणी भावाने फोडलेल्या काचेचा मार हिने मुकाट्याने खाल्ला होता. या वेळी गप्प बसली नाही, पण जेवण सुटलं. "ब्राउझर बदलला की आरोपी बदलतो, आई. वेड लागेल मला."

शेवटी कारण सापडलं, तेव्हा मला हाताला धरून स्क्रीनपुढे नेलं. चूक झाली की ब्राउझर माग देतो: चूक कुठे झाली, तिथे कोणी पाठवलं, ओळीखाली ओळ. एक ब्राउझर सगळ्यांत वर मथळा लिहितो, दुसरा लिहीत नाही. वॉर्निंग तयार करणारा प्रोग्राम मात्र पहिली ओळ डोळे झाकून उडवायचा. एकीकडे मथळा उडे. दुसरीकडे खरा गुन्हेगारच उडे, आणि खालची हिची फाइल पकडली जाई.

तिने दुरुस्ती केली: पहिली ओळ मथळा असेल तरच काढायची. आता दोन्हीकडे टीम लीडच्याच फाइलचं नाव आलं. तिने ती दुरुस्ती टीमला पाठवली.

लगेच टीम लीडचा फोन आला. "चूक सुधारायची सोडून वॉर्निंगच बदललीस?"

"वॉर्निंगच खोटी होती, दादा."

"आणि खरी झाल्यावर नेमकं तुझं नाव गेलं. वा."

"मग दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या ना."

"मीटिंगमध्ये बघू."

मीटिंगमध्ये ती दुरुस्ती कोणी उघडलीच नाही. स्वतःचं झाकायला वॉर्निंग बदलली, असं म्हणून तिला काढलं. ती खुर्चीतून उठायच्या आत पासवर्ड बंद झाला.

मी म्हटलं, "वरच्या साहेबांना दाखव."

"काय दाखवू? सगळं तिकडेच राहिलं."

आता तिच्या खोलीला आतून कडी आहे. मी बाहेर दिवा लावून हे लिहीत बसले आहे. मधूनच हाक मारते. ती 'ओ' देते. तेवढ्यावर सकाळपर्यंत काढायचं.