नाक चोंदलं आणि स्थळ आलं

राधानगरीकडचं स्थळ मला रविवारी बघायला येणार होतं आणि बुधवारीच माझं नाक चोंदलं. मुलगा कोल्हापुरातच नोकरीला होता, म्हणजे लग्नानंतरही मला कॉलेज करता आलं असतं. फक्त हे आपणच बोलायचं, असं मी ठरवलं होतं. वडिलांवर सोपवलं असतं, तर ते भिडेखातर गप्प बसले असते.

वडील शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांनी माझ्या सर्दीवर संशोधनच आरंभलं. मंगळवार पेठेत जो भेटेल त्याला ते उपाय विचारत सुटले. वैद्यांनी सुंठ-तुळशीचा काढा सांगितला, तालमीतल्या वस्तादांनी वाटीभर तांबडा रस्सा. शेजारच्या कारकुनांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. वडिलांचा नियम एकच: एका वेळी एकच उपाय, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार कसं? आईला गुणाशी मतलब. वडिलांची पाठ वळली की ती ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची, कपाळावर वेखंड थापायची आणि वर रस्सा पाजायची. संशोधनाचा पार बोजवारा उडाला. माझं नाक होतं तसंच राहिलं, फक्त लाल झालं.

रविवारी मी पोहे देऊन खाली मान घालून बसले. मुलाचे मामा शहरातले, जरा सुधारलेले. त्यांनी विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? हीच वेळ होती. सगळं बळ एकवटून मी म्हणाले, "बला पुढं शिकायचंय."

"बला? कसली बला?" मामा दचकले.

वडील छताकडं बघायला लागले. मला रडू फुटलं आणि त्यानं नाक आणखीच बंद झालं. आता संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात मुलाची आई पुढं सरकली. "बला न्हाय रं, मला म्हणतीया पोर. आमच्याकडं पावसाळाभर समदी असंच बोलत्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शीक की. कोण नको म्हणतंय?"

वडिलांचा जीव भांड्यात पडला. पण संशोधन काही सुटेना. एवढ्या पावसात तुम्ही सर्दीवर काय करता, असं त्यांनी तिला विचारलंच.

"काय करायचं? नाक पुसायचं," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत आपल्या पदरानं तिनं माझं नाक पुसलं.

मनातल्या मनात मी तिथंच होकार देऊन टाकला. मुलाकडं तोवर मी नीट बघितलंही नव्हतं.